मोटारगाडीतील ध्वनिसंच : विद्युत् जोडणी व दोषनिदान

मोटारगाडीत प्रवासाच्या वेळी ऐकण्यासाठी बसविलेला रेडिओ ग्राही, ध्वनिमुद्रित संगीताचा वादक, विवर्धक (विद्युत् संदेशाची शक्ती वाढविणारे साधन) व ध्वनिक्षेपक यांच्या समुच्चयास मोटारगाडीतील ध्वनिसंच म्हणतात. व्यवहारात त्याला ‘कार स्टीरिओ’ म्हणण्याचा प्रघात आहे. कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेला संच सहसा तक्रारीस जागा देत नाही. गाडी घेतल्यानंतर बाजारातून आणून बसविलेल्या संचात मात्र अखंड गुणगुण ऐकू येणे, आवाज वाढविताच संच बंद पडणे, वितळतार (फ्यूज) वारंवार जळणे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे एंजिन सकाळी सुरू न होणे, असे दोष वरचेवर आढळतात. क्वचित तारा पेटून गाडीस आगही लागते. यांपैकी बहुसंख्य दोषांचे मूळ संचात नसून त्याच्या जोडणीत असते आणि जोडणीतही विशेषेकरून विद्युत् प्रवाहाच्या परतीच्या मार्गात असते. असे असूनही प्रथम बदलला जातो तो संचच. नवा संच त्याच तारांना जोडल्यावर तोच दोष पुन्हा उद्‍भवतो व खर्च वाया जातो.

इतिहास : मोटारगाडीतील रेडिओचा व्यापारी प्रसार १९३० मध्ये शिकागो येथील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ या नावाने विक्रीस आणलेल्या ग्राहीपासून झाला. त्या काळच्या निर्वात नलिकांना कार्यासाठी शेकडो व्होल्ट दाब लागे व गाडीतील घटमाला (बॅटरी) तर पुष्कळदा ६ व्होल्टांचीच असे. त्यामुळे प्रवाह सतत खंडित करणारा कंपक व रोहित्र यांच्या साहाय्याने दाब वाढवावा लागे. हा कंपक स्वतःच विद्युत् गोंगाटाचा एक उगम होता. १९५५ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनी सर्वस्वी ट्रँझिस्टरांवर चालणारा मोटार रेडिओ पुढे आणला आणि कंपकाची गरज संपली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये लहान ध्वनिफीत पेटी म्हणजे कॅसेट प्रचारात आणल्यावर गाडीतील संगीताचे स्वरूप पालटले. भारतात अँबॅसडर, तसेच मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात संच बहुधा बाजारातून आणूनच बसवीत. त्यातून संच बसविणारे कारागीर गावोगाव तयार झाले. त्यांचे हस्तकौशल्य पुष्कळदा उत्तम असते. उणीव असते ती मापन करून निर्णय घेण्याच्या सवयीची.

विद्युत् पुरवठा : गाडीतील शिसे-अम्ल घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण विद्युत् भारित व विश्रांत स्थितीत तिचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. १२ व्होल्टांच्या आसपास उतरल्यास ती बरीचशी रिती झाली आहे असे समजावे. एंजिन चालू असताना प्रत्यावर्तक (अल्टरनेटर) घटमालेस विद्युत् भार पुरवितो व दाब सु. १३·८ ते १४·४ व्होल्ट राहतो. एंजिन सुरू करताना आरंभक चलित्र (स्टार्टर) फार मोठा प्रवाह घेत असल्याने दाब क्षणभर १० व्होल्टांपर्यंत घसरतो. दोष शोधताना प्रथम हे तीन दाब घटमालेच्या अग्रांवरच मोजून घेणे इष्ट असते. घटमालाच जर्जर झाली असेल, तर पुढील सर्व शोध व्यर्थ होय.

संचास तीन तारांची आवश्यकता असते. पहिली घटमालेपासून अखंड पुरवठा आणणारी; तिच्यामुळे घड्याळ चालते व निवडलेली रेडिओ केंद्रे स्मरणात राहतात. दुसरी किल्लीच्या स्विचातून येणारी. ती संच केव्हा चालू व्हावा हे ठरविते. तिसरी परतीची, म्हणजे गाडीच्या धातूच्या कायेस जोडलेली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत या तारांचे रंग अनुक्रमे पिवळा, लाल व काळा असतात. निळी तार आकाशकासाठी (अँटेनासाठी), निळी-पांढरी तार बाहेरील विवर्धक चालू करण्यासाठी असते. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या जोड्या अनुक्रमे पुढील डाव्या, पुढील उजव्या, मागील डाव्या व मागील उजव्या ध्वनिक्षेपकांच्या असून प्रत्येक जोडीतील काळ्या रेघेची तार ऋण असते. हे रंग संचाच्या बाजूचे आहेत, हे विसरता कामा नये. गाडीच्या बाजूचे रंग तिच्या निर्मात्याने आपल्या पद्धतीने ठरविलेले असतात. केवळ रंगास रंग जुळवून तारा जोडणे हे अनेक अपघातांचे कारण आहे.

आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या १०४८७ क्रमांकाच्या मानकात पुरवठ्यासाठी एक व ध्वनिक्षेपकांसाठी एक अशा आठ-आठ टोकांच्या खटक्या दिल्या आहेत. पुरवठ्याच्या खटक्यात ४ क्रमांकाचे टोक अखंड पुरवठ्याचे, ७ क्रमांकाचे किल्लीच्या पुरवठ्याचे व ८ क्रमांकाचे परतीचे असते. तथापि काही गाड्यांत ४ व ७ या टोकांची कामे परस्परांत बदललेली आढळतात. अशा गाडीत संच वाजतो, पण किल्ली काढताच केंद्रे व घड्याळाची वेळ विसरतो. हा संचाचा दोष समजून तो दुरुस्तीस धाडला जातो. वस्तुतः लाल व पिवळी तार परस्परांत बदलणे एवढाच त्यावरील उपाय आहे. गाडीचा मूळ खटका कापून टाकण्यापेक्षा त्यास जुळणारी मध्यस्थ तारजुडी वापरल्यास असे दोष सहज टळतात व जुना संच केव्हाही पुन्हा बसविता येतो.

परतीचा मार्ग : घरातील विद्युत् मंडलात जाण्यासाठी व येण्यासाठी स्वतंत्र तारा असतात. मोटारगाडीत तांबे वाचविण्यासाठी परतीच्या तारेचे काम धातूच्या कायेकडे सोपविलेले असते व घटमालेचे ऋण अग्र कायेस जोडलेले असते. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन अग्र कायेस जोडीत. अशा गाडीत आधुनिक संच तसाच जोडल्यास तो तत्काळ निकामी होतो.) या व्यवस्थेमुळे कायेचा प्रत्येक भाग शून्य दाबावर आहे असे मानण्याची सवय लागते. ही समजूत चुकीची असून तीच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे. दिवे, पंखे, काचा वर-खाली करणारी चलित्रे यांचे सर्व प्रवाह याच कायेतून परत जातात. पोलादाच्या पत्र्याचा रोध अल्प असला, तरी बोल्टांनी जोडलेले भाग, गंज, रंगाचा थर व सैल चकत्या यांचा रोध अल्प नसतो.

याचे परिमाण एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मोठा विवर्धक ३० अँपिअर प्रवाह घेत आहे व त्याची परतीची तार रंग न खरवडता पत्र्यास स्क्रूने बसविली असल्यामुळे त्या सांध्याचा रोध ०·१ ओहम आहे, असे समजू. सांध्यावर ३ व्होल्ट दाब खर्ची पडेल व तेथे ९० वॉट उष्णता निर्माण होईल. डाख देण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती सु. २५ वॉट असते, हे लक्षात घेतले म्हणजे आसनाखालील गालिचा का करपतो याचा उलगडा होतो. विशेष म्हणजे या प्रसंगी वितळतार जळत नाही; कारण प्रवाह वाढलेला नसतो, उलट किंचित घटलेलाच असतो. सैल सांध्यामुळे लागणाऱ्या आगीपासून वितळतार संरक्षण देत नाही.

परतीची तार जोडण्यासाठी कायेचा वितळजोड दिलेला जाड भाग निवडून रंग व गंज काढून चकचकीत धातू उघडा करावा, कडी असलेले टोक दातेरी चकतीसह बोल्टाने घट्ट आवळावे व वरून ग्रीज किंवा रंग लावावा. कोकणासारख्या दमट व खारट हवेच्या प्रदेशात हा शेवटचा थर न दिल्यास एकदोन पावसाळ्यांत सांधा पुन्हा गंजतो. आसनपट्ट्याचा बोल्ट या कामासाठी कधीही वापरू नये. तो अपघाताच्या वेळी माणसाचा भार पेलण्यासाठी असतो.

मुख्य परतीची तार निसटली किंवा तिचा सांधा बिघडला, तरी संच पुष्कळदा चालू राहतो, ही गोष्ट निदान करणाऱ्यास चकविते. प्रवाह दुसरी वाट शोधतो. आकाशकाच्या तारेचे बाह्य जाळीदार आवरण कायेस जोडलेले असल्याने संचाचा प्रवाह त्यातून परत जाऊ लागतो. अशा वेळी आकाशकाची तार उपटताच संच बंद पडतो. हीच त्याची कसोटी होय. बाहेरील विवर्धक असेल, तर प्रवाह संदेशवाहक तारांच्या आवरणातून वाहू शकतो. संचाच्या आतील त्या मार्गावरील पट्टी एवढा प्रवाह वाहण्यासाठी केलेली नसल्याने ती जळते व त्यानंतर संचात कायमची गुणगुण सुरू होते. म्हणून जोडणी करताना परतीची तार सर्वांत आधी जोडावी व काढताना सर्वांत शेवटी काढावी. घटमालेच्या बाबतीत क्रम याच्या नेमका उलट असतो : तेथे ऋण अग्र प्रथम सोडवितात व शेवटी जोडतात. तसे न केल्यास धन अग्राचा बोल्ट फिरविताना पान्हा कायेस टेकून मंडल संक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो.

भाराखालील मापन : कारागिराजवळ मल्टिमीटर असूनही दोष सापडत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे मापन संच बंद असताना किंवा तार मोकळी असताना केलेले असते. अंकीय मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सु. १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो मंडलातून जवळजवळ प्रवाहच घेत नाही. प्रवाह नसेल तर सदोष सांध्यावर दाबही खर्ची पडत नाही व मोकळ्या तारेवर १२·६ व्होल्ट असा निर्दोष आकडा दिसतो. आता त्या तारेत १ ओहम रोधाचा गंजका सांधा आहे असे समजू. घड्याळास लागणाऱ्या काही मिलिअँपिअर प्रवाहास तो जाणवत नाही. आवाज वाढविल्यावर संच ५ अँपिअर घेऊ पाहतो तेव्हा मात्र ५ व्होल्ट सांध्यातच संपतात व उरलेल्या दाबावर संच बंद पडतो. बंद पडताच भार नाहीसा होऊन दाब पूर्ववत होतो, संच पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. बुचकळ्यात पाडणाऱ्या या लक्षणाचा एवढाच अर्थ असतो. रोध सरळ ओहममध्ये मोजूनही असे सांधे नेहमी ओळखता येत नाहीत. कारण मापकाच्या स्वतःच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो.

यास्तव दाबाचा ऱ्हास भार चालू असताना मोजावा. संच मोठ्या आवाजात वाजत ठेवून मापकाचे एक टोक घटमालेच्या ऋण अग्रावर व दुसरे संचाच्या धातूच्या पेटीवर ठेवावे. आदर्श स्थितीत येथे शून्य दिसावयास हवे. ०·१ ते ०·२ व्होल्टपर्यंतचा आकडा चालू शकतो, अधिक असल्यास परतीचा मार्ग सदोष आहे. त्याचप्रमाणे धन अग्र व संचाची पिवळी तार यांमधील दाब मोजावा. तो ०·५ व्होल्टपेक्षा कमी असावा. आकडा मोठा आल्यास मार्गाच्या मध्यावरील एखाद्या ठिकाणी, उदा., वितळतारेच्या पेटीशी, पुन्हा मोजावे. ऱ्हास मध्याच्या अलीकडे की पलीकडे हे समजले की अर्धा मार्ग वगळता येतो. असे तीनचार वेळा केल्यास लांब तारजुडीतील सदोष सांधाही काही मिनिटांत सापडतो व संपूर्ण डॅशबोर्ड उघडावा लागत नाही. मापक जवळ नसल्यास ब्रेकच्या दिव्यातील २१ वॉटचा बल्ब तारेच्या टोकास लावून पाहणे हा जुन्या कारागिरांचा उपाय उत्तम आहे. हा बल्ब सु. पावणेदोन अँपिअर घेतो व दुर्बळ सांधा असल्यास मंद पेटून तसे सांगतो. ज्या गाड्यांत अपघातप्रसंगी फुगणारे हवेचे फुगे (एअरबॅग) आहेत त्यांत मात्र अनोळखी तारेस असा बल्ब लावणे धोक्याचे आहे.

तारांची जाडी व वितळतार : तांब्याच्या १ चौ. मिमी. काटछेदाच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. गाडीच्या मागील भागात ठेवलेल्या विवर्धकापर्यंत तारेची लांबी सहज ५ मी. भरते. तिच्यातून ३० अँपिअर प्रवाह जात असल्यास १·५ चौ. मिमी. तारेत सु. १·७ व्होल्ट ऱ्हास होतो व सु. ५० वॉट उष्णता तारेत निर्माण होते, १० चौ. मिमी. तार घेतल्यास हाच ऱ्हास पाव व्होल्टवर येतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त तारांत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तिचा रोध अधिक असल्याने छापील जाडीवर विसंबून चालत नाही.

वितळतार संचाच्या रक्षणासाठी असते, असा समज रूढ आहे. वस्तुतः संचाची वितळतार संचाच्या मागे स्वतंत्र असते. घटमालेजवळील वितळतार ही तारेच्या रक्षणासाठी असते. घटमाला काहीशे अँपिअर प्रवाह देऊ शकते. एंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पत्र्याच्या भोकाच्या धारेवर तार घासून तिचे आवरण फाटले, तर तिथपर्यंतच्या तारेस वितळतारेशिवाय दुसरे रक्षण नसते. म्हणून ती घटमालेपासून फार तर ४५ सेंमी. अंतरावर बसवितात आणि भोकात रबरी कडे घालूनच तार ओवतात. चपट्या वितळतारांचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. वितळतार वारंवार जळते म्हणून अधिक अँपिअरची घालणे किंवा तिच्या जागी चांदीचा कागद गुंडाळणे, म्हणजे दोष तसाच ठेवून तारेलाच वितळतार करणे होय.

वितळतार जळण्याचे कारण शोधताना संचाचा खटका काढून नवी वितळतार घालावी. ती तरीही जळत असेल, तर दोष गाडीच्या तारजुडीत आहे. न जळल्यास संचाकडे वळावे. संचास पूर्वी कधी उलट ध्रुवतेने पुरवठा जोडला गेला असल्यास त्यातील संरक्षक द्विप्रस्थ (डायोड) वितळतार जाळून स्वतः मंडल संक्षेपाच्या स्थितीत निकामी झालेला असतो. त्यानंतर जोडणी बरोबर केली तरी वितळतार जळतच राहते. हा अल्प किंमतीचा घटक बदलताच संच बहुधा पूर्ववत होतो. तो टाकून देण्याचे कारण नसते.

ध्वनिक्षेपकांची मंडले : जुन्या रेडिओंत ध्वनिक्षेपकाचे एक टोक कायेस जोडीत असत. आधुनिक संचात प्रत्येक ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही तारा विवर्धकाच्या दोन स्वतंत्र अर्ध्या भागांकडून येतात व दोहोंवर पुरवठ्याच्या सु. निम्मा एकदिश दाब असतो. यांपैकी कोणतीही तार कायेस टेकता कामा नये, तसेच दोन ध्वनिक्षेपकांच्या ऋण तारा एकत्र करता कामा नयेत. जुन्या गाडीत नवा संच बसविताना जुन्याच तारा वापरल्या की नेमके हेच घडते व संच मूक राहतो किंवा त्यातील एकीकृत मंडल जळते. दारातील तारा दार उघडमिट करताना वाकून तुटतात किंवा उघड्या पडून पत्र्यास लागतात. त्यामुळे ‘दार लावले की आवाज जातो’ या तक्रारीचे स्थान बिजागरीशी शोधावे. संचापासून सोडविलेल्या ध्वनिक्षेपकाच्या दोन तारांमध्ये ४ ओहमच्या क्षेपकासाठी सु. ३ ते ४ ओहम रोध यावा व यांपैकी एकही तार कायेशी संधान दाखविता नये. दीड व्होल्टचा घट क्षणभर लावून पाहिल्यास क्षेपकाचा शंकू हलतो. तो बाहेर सरकला तर घटाच्या धन अग्रास लागलेली तार ही क्षेपकाची धन तार होय. एका बाजूचा क्षेपक उलटा जोडला गेल्यास खर्जाचा आवाज चमत्कारिक रीत्या क्षीण होतो. संच वा क्षेपक यांत मात्र काहीच बिघडलेले नसते.

संचावर ठळकपणे छापलेला ‘५० वॉट × ४’ हा आकडा जोडणीविषयी गैरसमज निर्माण करतो. अशा संचाची वितळतार पुष्कळदा १० किंवा १५ अँपिअरची असते. १४·४ व्होल्टांवर १० अँपिअर म्हणजे १४४ वॉट. त्यातून अखंड २०० वॉट निघणे अशक्य आहे. पूर्ण दाब सतत ४ ओहमवर लादला, म्हणजे तरंग पार चौकोनी झाला, तर सु. ५२ वॉट मिळतात व हाच तो आकडा होय. स्वच्छ ज्या-तरंगासाठी सैद्धांतिक मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे सु. २६ वॉट असून प्रत्यक्षात तीही गाठली जात नाही. आवाज फाटतो म्हणून जोडणीत दोष शोधण्यापूर्वी ही मर्यादा लक्षात घ्यावी. खर्जाच्या ठोक्याबरोबर दिवे मंदावत असल्यास १ फॅराडचे धारित्र (कपॅसिटर) बसविण्याचा सल्ला देण्यात येतो. असे धारित्र दाब १४ वरून १३ व्होल्टवर येईपर्यंत १३·५ जूल ऊर्जा देते. ५०० वॉट घेणाऱ्या विवर्धकास ती एका सेकंदाच्या सदतिसाव्या भागापुरती पुरेल. तार बारीक किंवा परतीचा सांधा सदोष असेल, तर त्यावर हा उपाय नव्हे.

विद्युत् गोंगाट : ऐकू येणाऱ्या अनिष्ट आवाजाचे स्वरूपच त्याच्या उगमाची साक्ष देते. एंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टीसारखी गुणगुण प्रत्यावर्तकाची असते. त्रिकला प्रत्यावर्तकातील सहा द्विप्रस्थांनी एकदिश केलेल्या प्रवाहात थोडी ऊर्मी शिल्लक राहते. बारा ध्रुवांचा प्रत्यावर्तक एंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरत असल्यास एंजिनाच्या मिनिटास ७५० फेऱ्यांना ऊर्मीची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ९०० हर्ट्‌झ, तर ३,००० फेऱ्यांना ३,६०० हर्ट्‌झ येते. दोन्ही कानास सहज जाणवतात. एंजिन चालू असताना घटमालेच्या अग्रांवर प्रत्यावर्ती दाब मोजल्यास तो ०·५ व्होल्टपेक्षा अधिक आढळणे हे द्विप्रस्थ बिघडल्याचे चिन्ह होय. तो अल्प असूनही गुणगुण येत असेल, तर दोष बहुधा परतीच्या दोन वाटांमुळे निर्माण झालेल्या वेटोळ्याचा असतो. मुख्य संच पुढे एका ठिकाणी व विवर्धक मागे दुसऱ्या ठिकाणी कायेस जोडलेला असतो आणि संदेशवाहक तारेचे आवरण त्या दोन ठिकाणांना जोडते. त्या ठिकाणांमध्ये केवळ १० मिलिव्होल्टांचा फरक असला, तरी हळू आवाजातील संगीताचा संदेशही त्याच प्रतीचा असल्याने गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

याची परीक्षा सोपी आहे. विवर्धकाच्या आदानातील संदेशवाहक तारा काढाव्यात. गुणगुण राहिली, तर दोष विवर्धकाच्या पुरवठ्यात किंवा ध्वनिक्षेपकांच्या तारांत आहे; थांबली, तर तारा व मुख्य संच यांकडे पाहावे. त्यानंतर संदेशवाहक तार आसनांवरून तात्पुरती टाकून पाहावी. तेवढ्याने गुणगुण गेल्यास मूळ तार पुरवठ्याच्या जाड तारेशेजारून नेलेली असणार. या दोहोंना गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेण्याचा प्रघात आहे तो याचसाठी. वेटोळ्याचा दोष दोन्ही परतीचे सांधे सुधारून न गेल्यास संदेशमार्गात एक लहान विलगकारी रोहित्र बसवितात. पुरवठ्याच्या तारेत बसविण्याचे ‘गोंगाट छानक’ बाजारात आग्रहाने विकले जातात, परंतु वेटोळ्याच्या दोषावर त्यांचा उपयोग होत नाही.

वेगाबरोबर जलद होणारी टकटक प्रज्वलनाची असते. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) पेट्रोल एंजिनात मिनिटास ३,००० फेऱ्यांना दर सेकंदास १०० ठिणग्या पडतात व त्यांचे प्रारण रेडिओच्या मध्यम तरंगांवर विशेष ऐकू येते. रोधयुक्त ठिणगी गुडद्या व कार्बनगर्भ तारा हा त्यावरील मूळ उपाय होय. त्या बदलताना साध्या प्रकारच्या बसविल्या गेल्यास जुना त्रास परत उद्‍भवतो. डीझेल एंजिनात ठिणगी नसल्याने तेथे टकटक ऐकू आल्यास कारण अन्यत्र, उदा., दिशादर्शक दिव्यात किंवा इंधनपंपात, शोधावे. अलीकडे सिगारेट पेटविण्याच्या खोबणीत बसविण्याचे स्वस्त भ्रमणध्वनी भारक व बाहेरून लावलेले एलईडी दिवे रेडिओग्रहणात घरघर उत्पन्न करतात. ते एकेक करून काढून पाहणे हीच त्यांची परीक्षा.

उभ्या गाडीत घटमाला उतरणे : किल्ली काढल्यावरही घड्याळ, संरक्षक यंत्रणा इत्यादींसाठी २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो व तो स्वाभाविक आहे. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १·२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या लहान घटमालेस तो दोन आठवडे तरी चालतो. विवर्धक चालू करणारी तार चुकून अखंड पुरवठ्यास जोडली गेली आणि विवर्धक निष्क्रिय अवस्थेत अर्धा अँपिअर घेत राहिला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गाडी सुरू होत नाही. निदानासाठी ऋण अग्र व त्याची तार यांमध्ये अँपिअरमापक एकसरीत जोडतात. आधुनिक गाडीतील नियंत्रक झोपी जाण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ घेतात. त्यापूर्वीच्या आकड्यास अर्थ नसतो. नंतर एकेक वितळतार काढून कोणत्या मंडलाने प्रवाह उतरतो ते पाहावे. मापक जोडलेला असताना एंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास मापक जळतो.

आधुनिक गाड्यांतील बदल : अनेक नव्या गाड्यांत संचापर्यंत किल्लीच्या पुरवठ्याची तारच येत नाही. किल्ली फिरविल्याची वार्ता, दिवे व वेग यांची माहिती एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांवरून सांकेतिक रूपात सर्व नियंत्रकांना पाठविली जाते. या तारांवर बल्ब लावणे किंवा त्यांतून पुरवठा घेण्याचा यत्न करणे यांमुळे गाडीच्या इतर यंत्रणाही बंद पडू शकतात. येथे त्या गाडीसाठीच तयार केलेला मध्यस्थ घटक वापरावा लागतो. सुकाणूचाक व डॅशबोर्ड यांमागील पिवळ्या आवरणाच्या तारा व खटके हवेच्या फुग्यांचे असतात. त्यांच्या सान्निध्यात काम करण्यापूर्वी घटमालेचे ऋण अग्र सोडवून निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबणे आवश्यक असते. विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या गाड्यांत प्रत्यावर्तक नसतो. मुख्य घटमालेच्या उच्च दाबापासून परिवर्तकाच्या साहाय्याने १२ व्होल्टांचा पुरवठा मिळविला जातो. साहजिकच त्यांत प्रत्यावर्तकाची शिट्टी नसते, मात्र परिवर्तकाचा गोंगाट रेडिओत येऊ शकतो. अशा गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारांवर प्राणघातक दाब असतो. ध्वनिसंच बसविताना त्यांस स्पर्श करण्याचा प्रसंगच येत नाही, कारण संचाची सर्व जोडणी १२ व्होल्टांच्या मंडलातच होते.